एसपी-404: एसएक्सवरून एमके-2 वर येताना

हलगी आणि संबळाचे स्वतः रेकॉर्ड केलेले तुकडे लाइव्ह वाजवायचे, तर माझी सगळी भिस्त रोलँडच्या एसपी-404 एसएक्स या सॅम्पलरवर, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज पॅड दाबून वाजवायच्या मशीनवर होती. 2021 मध्ये त्याचा नवा अवतार एमके-2 बाजारात आला. पुढे मी तो घेतला आणि अख्खा सेट त्यावर हलवला.

फाइली हलवणं सोपं गेलं. एसडी कार्डाच्या इम्पोर्ट फोल्डरमध्ये वेव्ह फाइली टाकल्या की झालं. आवाज नोंदवण्याचा दर (सॅम्पल रेट) जुन्याचा 44.1 किलोहर्ट्झ, नव्याचा 48. तो बदल मशीन स्वतःच करून घेतं. वेळ खाल्ला तो बोटांनी. एसएक्सला 12 पॅड, नव्याला 16. माझे सगळे ठोके जुन्याच्या खालच्या ओळीत, म्हणजे 9 ते 12 वर. तेच नंबर नव्यावर तिसऱ्या ओळीत येतात आणि बोटं सवयीने खालीच जातात. म्हणून प्रत्येक बँकेतले, म्हणजे पॅडच्या एकेका संचातले, ठोके 13 ते 16 वर नेले. हे काम कंटाळवाणं आहे, पण पहिल्या कार्यक्रमाआधी ते उरकाच.

मला खरा फरक जाणवला तो हलगीत. एसएक्सच्या पॅडला बोटाचा जोर कळत नाही. हलकी टिचकी मारा नाहीतर जोरात हाणा, आवाज तोच. त्यामुळे हलका ठोका एका पॅडवर, कडक ठोका दुसऱ्यावर अशी विभागणी करावी लागायची. एमके-2 ला जोर कळतो. एकाच पॅडवर हलक्या ठोक्यांवरून चढत कडकडाटापर्यंत जाता येतं, आणि हलगीची जान त्या चढण्यातच आहे! शिवाय एसएक्स एका वेळी 12 आवाज वाजवतो, नवा 32. भरगच्च जागी संबळाची घुमार आता मध्येच तुटत नाही.

इफेक्टचंही, म्हणजे आवाजावर चढवायच्या संस्कारांचंही, तसंच. एसएक्सवर एका वेळी एकच. डिले (प्रतिध्वनी) लावला की फिल्टर (आवाजाचा काही भाग गाळणारा) सोडायचा. नव्यात हलगीला डिले आणि संबळाला फिल्टर असं वेगवेगळं लावता येतं.

तरी एसएक्सबद्दल एक सांगतो. त्याच्या पडद्यावर तीन आकड्यांपलीकडे काही दिसत नाही, म्हणून कुठल्या पॅडवर काय आहे ते तोंडपाठ होतं आणि नजर समोरच्या माणसांवर राहते. नव्यावर आवाजाची लहर दिसते. तुकडा कापताना ती फार कामाची, पण वाजवताना डोळे तिथेच अडकतात. मी स्टेजवर त्या पडद्याकडे बघायचं टाळतो. पहिल्यांदाच सॅम्पलर घेणाऱ्याला सुस्थितीतला एसएक्स स्वस्तात मिळत असेल, तर त्याने तो खुशाल घ्यावा.

विजेचं मात्र नीट बघा. एसएक्सचा 9 व्होल्टचा अडॅप्टर एमके-2 ला चालत नाही, त्याला 5.7 व्होल्ट लागतात. दोन्हींत सहा पेन्सिल सेल बसतात, पण नव्याचे फार लवकर उतरतात. उघड्यावरच्या कार्यक्रमाला मी यूएसबी-सीच्या वायरने चांगली पॉवर बँक जोडतो आणि सेल नुसते पिशवीत ठेवतो.