पहिला आठवडा कागदांचा

आजचा अख्खा दिवस नावाच्या एका स्पेलिंगनं खाल्ला. कॅनडात २०२४पर्यंत पाच किंवा जास्त जणांचा गट निर्वासित कुटुंबाला बोलावण्यासाठी अर्ज करू शकत होता. कुटुंब आलं की साधारण १२ महिने खर्च आणि सोबत गटाची. लोक आधी सोफा, गाद्या, हिवाळी जॅकेटं जमवतात. गाडी अडते ती कागदांवर.

विमानतळावर मिळालेल्या कायम रहिवासाच्या कागदावरचं नाव, जन्मतारीख तिथल्या तिथे तपासा. वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात गेलं, की तीच चूक सिन नंबर (नोकरी आणि सरकारी लाभांसाठी लागणारा क्रमांक), बँक, आरोग्य कार्ड, सगळीकडे उतरते. आधी सिन, मग बँक खातं, लगेच मुलांच्या भत्त्याचा अर्ज. तो लांबला की घरभाड्याचं गणित कोलमडलंच.

डॉक्टरकडे दुभाषी म्हणून घरातल्या पोराला बसवू नका. आईला जे सांगायचंय ते ती त्याच्यासमोर बोलणारच नाही.

आणि हो, कुटुंबाला इथे येण्यासाठी सरकारनं दिलेलं विमानप्रवासाचं कर्ज! २०१८पासून त्यावर व्याज नाही, पण फेडावं लागतं. हप्ते साधारण वर्षभरानं सुरू होतात, म्हणजे नेमके गटाची मदत थांबते तेव्हा. पहिल्याच महिन्यात कुटुंबाला आकड्यांनिशी सांगून टाका.