म्यर्सो: थंड उतारावरची भरदार पांढरी वाईन

म्यर्सो हे फ्रान्सच्या बर्गंडी भागातलं वाईनचं गाव. पॅरिसच्या गार द लियों स्टेशनातून टीजीव्ही या वेगवान गाडीने दिजाँला सुमारे दीड तास, तिथून लोकल गाडीने बोनला वीस-पंचवीस मिनिटं. बोनमध्ये सायकली भाड्याने घेऊन आम्ही द्राक्षबागांतून जाणाऱ्या वाटेला लागलो. पोमार, वोल्ने मागे पडलं की म्यर्सोच्या चर्चचा उंच मनोरा दिसू लागतो. वाटेत सावली जवळपास नाहीच, पाणी बोनलाच भरून घ्यावं.

म्यर्सोची पांढरी वाईन शार्डोने या द्राक्षाची. लोणी, भाजलेले हेझलनट, पिकलेलं पेअर हा तिचा वास. तोंड इतकं भरून जातं की गोड आहे असंच वाटतं, पण साखर जवळपास सगळी आंबून गेलेली असते. हा भरदारपणा पेलतो तो आंबटपणा, आणि तो टिकतो 47 अंश अक्षांशावरच्या गार हवेमुळे.

फरक उतारावर पायी फिरलं की कळतो. शार्म आणि पेरिएर या इथल्या दोन द्राक्षबागा. शार्म खाली, तिथली माती खोल. पेरिएर शार्मच्या वर, पायाखाली पांढरट चुनखडीचे तुकडे. नावाचा अर्थच दगडखाणी. शार्मची वाईन मऊ, गोलसर; पेरिएरची ताठ, घोट उतरल्यावर जिभेवर खारटसर. म्यर्सोत एकही ग्रां क्रू, म्हणजे बर्गंडीतल्या सर्वोच्च दर्जाची बाग, नाही. पेरिएरला तो मान मिळायला हवा, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

थंडीच पीक बुडवतेही. शार्डोनेच्या वेलीचे डोळे, म्हणजे कोंब, लवकर फुटतात. मार्च उबदार गेला आणि एप्रिलमध्ये पारा शून्याखाली उतरला की कोवळी फूट एका रात्रीत करपते. एप्रिल 2021 मध्ये तेच झालं. उपाय म्हणून छाटणी लांबवतात, आणि पहाटे हेक्टरी तीन-चारशे मेणाचे डबे पेटवतात. निफाडच्या बागांतल्या शेकोट्या आठवतात; तिथे धास्ती द्राक्षांचे भरलेले मणी तडकण्याची, इथे फुटव्याची.

तळघरात 228 लिटरची ओक लाकडाची पिंपं. घड दाबून काढलेला रस निवळला की पिंपातच आंबतो. पुढे जिवाणू कच्च्या सफरचंदातल्या मॅलिक आम्लाचं दह्यातल्या लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. लोण्याचा वास तिथून येतो. मेलेल्या यीस्टचा साका तळाशी तसाच ठेवतात. वाकड्या टोकाची दांडी पिंपाच्या तोंडातून आत घालून तो ढवळतात, याला बातोनाज म्हणतात. साका दुधाळ ढगासारखा वर येतो आणि वाईनला साय धरल्यासारखा दाटपणा येतो. पण फार ढवळलं तर ऑक्सिजनही आत जातो. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासूनच्या बर्गंडीच्या कितीतरी पांढऱ्या वाईन अकाली तपकिरी पडल्या. त्यामागे बुचं, कमी सल्फर अशी इतरही कारणं सांगतात, पण तेव्हापासून बरेच उत्पादक हात आखडूनच ढवळतात. बाटली उघडल्यावर रंग गडद सोनेरी आणि वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा आला, तर ती गेली.

उत्पादकांकडे चव घ्यायला आधी वेळ ठरवूनच जावं. दुपारी बारा ते दोन बहुतेक दारं बंद, रविवारीही बरीच. काढणीच्या दिवसांत तर कुणाला बोलायलाही फुरसत नसते. नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी बोनला वाईनचा लिलाव असतो, सोमवारी म्यर्सोत पोले नावाची मेजवानी. त्या आठवड्यात खोली मिळणं मुश्किल. चाखताना क्रम गावाची साधी वाईन, मग शार्म, शेवटी पेरिएर. सायकल चालवायची असेल तर प्रत्येक घोट थुंकायचाच. समोर भांडं त्यासाठीच ठेवलेलं असतं, त्यात संकोच नको.

भारतात परतताना माणशी दोन लिटरपर्यंत ड्युटी नाही, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या. घरी फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा, 12-13 अंशांवर रुंद पेल्यात ओता. फ्रीजच्या गारठ्यात हेझलनटचा वास दबून जातो आणि नुसता आंबटपणा उरतो.