शीड रंगवण्याआधी वारा शिकावा लागला

मुंबईतली वेसाव्याची (वर्सोव्याची) खाडी आणि गेटवेसमोरचे पाणी या दोन ठिकाणी बसून जलरंगात बारा चित्रे करायची, असे मी दोन वर्षांपूर्वी ठरवले, तेव्हा खरी अडचण पाण्याच्या रंगाची येईल असे मला वाटले होते. ती आलीही. पहिल्या चार कागदांवर मी समुद्र निळा रंगवला आणि चारही चित्रे परक्या देशातली दिसू लागली. मुंबईलगतचा समुद्र उथळ आहे आणि खाड्यांतला गाळ भरती-ओहोटीबरोबर सतत ढवळला जातो, त्यामुळे इथल्या पाण्याला करडा, मातकट रंग असतो. अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना थोडा थोडा मिसळत गेल्यावर तो करडेपणा हाती लागला.

पण पाचव्या चित्राच्या वेळी कळले की माझी चूक रंगात नव्हतीच. जुन्या पद्धतीची शिडाची होडी मी कल्पनेने रंगवत होते. जाळे विणत बसलेले एक वयोवृद्ध तांडेल, म्हणजे होडीचे नाखवा, उठून आले, बराच वेळ चित्राकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘ताई, झेंडा पलीकडे मढकडे उडतोय आणि शीड इकडे वेसाव्याकडे फुगलंय. वारा नक्की कुठून येतोय?’’ माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवशी मी रंग बाजूला ठेवले.

पुढचे तीन महिने दर रविवारी गेटवेच्या कठड्याशी बसून मी शिडाच्या लहान नौकांची केवळ पेन्सिलची रेखाटने केली. ते पाणी शहराच्या पूर्वेला आहे, म्हणून दुपारनंतरचा खारा वारा तिथे शहरावरून येतो आणि उत्तर-दक्षिण जाणारी नौका घारापुरीच्या बाजूला कलते. वारा आडवा असला की शिडाला पोट येते आणि तोल सांभाळण्यासाठी माणसे वाऱ्याच्या बाजूच्या काठावर बाहेर झुकून बसतात; नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, थेट वाऱ्याकडे वळली की शीड नुसते फडफडते आणि नौकेची गती जाते. वाऱ्याच्या दिशेला जायचे असेल तर नागमोडी वळणे घेतच जावे लागते. हे समजल्यावर शीड, डोलकाठी, माणसे आणि लाटा यांच्या रेषा मला वेगवेगळ्या जुळवाव्या लागल्या नाहीत, कारण त्या सगळ्यांना एकच वारा वळवत होता.

यूजीन बुदँ (१८२४–१८९८) हा फ्रेंच चित्रकार आपल्या किनाऱ्यावरच्या अभ्यासचित्रांवर तारीख, वेळ आणि वारा नोंदवत असे. दर्यावर्दी बापाच्या या मुलाची ती सवय मी मनापासून उचलली. माझ्या प्रत्येक कागदामागे आता तिथी, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहिलेली असते.

तिथीही त्या तांडेलकाकांनीच शिकवली. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, तर पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा ते बाराच्या आसपास. म्हणजे पुनवेच्या पहाटे सहाच्या सुमारास उधाणाची मोठी ओहोटी असते आणि चिखलात कुशीवर पडलेल्या होड्या कोवळ्या उजेडात दिसतात. त्यासाठी मी पाच पुनवा आणि अवसा वेसाव्याला गेले. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा त्यांचा तळ आणि नाळेकडे उंच होत जाणारी काठाची रेषा जवळून रेखाटता आली. पावसाळ्यात मात्र ३०० जीएसएमचा जाड कागदही वाळता वाळत नाही. त्या दिवसांत मी फक्त ओल्या कागदावरची आभाळे केली.

शिडाचा पांढरा मी रंगाने कधीच भरत नाही, तो कागदाचाच राखते. उन्हात शीड थोडे पारदर्शक होते, म्हणून त्याच्या सावलीच्या बाजूलाही उबदार पिवळट झाक हवी. तिथे निळी छटा दिली की कापडाचा पत्रा होतो.

अकरा चित्रे झाली आहेत. बाराव्यात मला वारा पूर्ण पडलेला हवा आहे. शीड डोलकाठीवरून सैल लोंबणारे आणि त्याचे प्रतिबिंब न मोडता पाण्यात उतरलेले. त्यासाठी ऑक्टोबरातल्या एखाद्या निवांत सकाळची वाट पाहते आहे. कागद ताणून ठेवला आहे.