आईच्या मुदत ठेवीचं व्याज आणि कापलेला टीडीएस

आईला आजीकडून वारशाने दहा लाख रुपये मिळाले. एप्रिल २०२४ च्या सुरुवातीला ते मालवणच्या बँकेत पाच वर्षांच्या मुदत ठेवीत ठेवले. दर ७ टक्के. वर्षभराने पासबुक भरून आणलं तर ठेव १०,६४,६७३ रुपये! आईचा पहिला प्रश्न, "माझे पैशे खंय गेले?"

मीही आधी ७०,००० व्याज धरलं होतं. पण अशा ठेवीवर व्याज दर तिमाहीला मोजून मुद्दलात मिळवतात. पहिल्या तिमाहीला १७,५००, दुसऱ्या तिमाहीला १०,१७,५०० वर १७,८०६, असं वर्षाचं होतं ७१,८५९. म्हणजे व्याज जास्तच मिळालं होतं, त्यातले ७,१८६ टीडीएस म्हणून, म्हणजे बँकेने आधीच कापून सरकारकडे भरलेला आयकर म्हणून, गेले होते. तेव्हा ज्येष्ठ नागरिकांना वर्षाला ५०,००० च्या वर व्याज झालं की १० टक्के कापत. मुदत संपायची आहे, पैसे हातात आलेले नाहीत, तरी दरवर्षी जमा धरलेल्या व्याजावर कापतात. हे फार कमी लोकांना माहीत असतं, म्हणून मुद्दाम लिहितोय. पॅन दिलेला नसेल तर २० टक्के जातात.

आईला दुसरं उत्पन्न नाही, म्हणजे कर शून्य. अशांनी वर्षाच्या सुरुवातीलाच 'माझा कर शून्य आहे, टीडीएस कापू नका' असा फॉर्म बँकेला द्यायचा (तेव्हा ज्येष्ठांना १५ एच, साठीच्या आतल्यांना १५ जी), तोही दरवर्षी नव्याने. मग कापतच नाहीत. आमचं वर्ष उलटून गेलं होतं, त्यामुळे कापलेले पैसे परत मिळवायला आयकराचं रिटर्न भरणं हाच मार्ग. २६ एएस मध्ये, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराच्या तक्त्यात, रक्कम दिसत होती, आईचं बचत खातं आयकर खात्याच्या पोर्टलवर पडताळून घेतलं आणि आयटीआर १ हा रिटर्नचा फॉर्म भरला.

माझं उलट. मी पगारदार, २० टक्क्यांच्या टप्प्यात. माझ्या ठेवीवर १० टक्के कापले तरी उरलेला कर मलाच भरायचा. टीडीएस मुळीच कापला नाही म्हणून व्याज करमुक्त होत नाही.

एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांची मर्यादा एक लाख झाली. आईच्या या ठेवीचं व्याज पाचही वर्षं त्याच्या आतच राहील. त्याच बँकेत आणखी ठेव केली तर मात्र सगळ्या शाखांचं व्याज एकत्र धरतात.

कापलेल्या टीडीएसचा परतावा बचत खात्यात आला, ठेवीत नाही. तिथे त्यावर ७ टक्के मिळणार नाहीत, म्हणून आईने त्याची वेगळी मुदत ठेव करून घेतली.