प्रथमोपचारातला हरवलेला ‘उ’

सकाळी सर्च लॉग, म्हणजे लोकांनी वेबसाइटवर काय शोधलं त्याची नोंद, चाळताना एका जागी थबकलो. मध्यरात्रीनंतर कोणीतरी आमच्या आरोग्यविषयक वेबसाइटवर पाठोपाठ शोधत होतं: ‘साप उपचार’, ‘सर्प उपचार’, ‘दंश उपचार’, नुसतं ‘दंश’. चारही वेळा उत्तर शून्य.

आमच्याकडे नेमकं तेच सांगणारं पान होतं. जखम कापू नका, आवळून बांधू नका, माणसाला हलू न देता तातडीनं दवाखान्यात न्या, असं स्पष्ट लिहिलेलं. पण शीर्षक होतं ‘सर्पदंश : प्रथमोपचार’, आणि आमचा शोध शीर्षकातले अख्खे शब्दच जुळवायचा, तेही सगळे जुळले तरच.

शोधाला शब्दांचे घटक वेगळे कळावेत म्हणून सामासिक शब्दांना खुणा करायला बसलो. आधी ‘सर्प’ आणि ‘दंश’ यांच्यामध्ये सॉफ्ट हायफन, म्हणजे ओळ कुठं तोडता येईल हे सांगणारं चिन्ह, घातला. ओळ तिथं तुटली नाही तर वाचणाऱ्याला तो दिसत नाही. शोधासाठी शब्द साठवणाऱ्या इंडेक्सला मात्र दिसला. शब्द दुभंगला नाहीच, उलट त्या अदृश्य चिन्हासकट एकच शब्द म्हणून साठवला गेला आणि आतापर्यंत सापडणारं ‘सर्पदंश’सुद्धा सापडेना. पोटात गोळा आला. बदल लगेच मागं घेतला.

‘प्रथमोपचार’मध्ये तर खूण करायला जागाच नव्हती. प्रथम + उपचार. संधी होताना स्वतंत्र ‘उ’ जातो आणि आधीच्या ‘म’चा ‘मो’ होतो. म्हणजे ‘उपचार’ ही अक्षरं त्या शब्दात सलग कुठंच नाहीत. ब्राउझरच्या कंट्रोल-एफलाही मिळत नाहीत. शाळेत दोन गुणांसाठी सोडवलेला संधिविग्रह इथं कोणाच्या तरी जिवाशी येऊन भिडला होता.

शब्दकोशावरून पोटशब्द काढणारा फिल्टर लावून पाहिला. त्यानं ‘मानसोपचार’मधून ‘नस’ काढली, ‘उपचार’ काढलाच नाही. मग हातानंच करायचं ठरवलं. दिसणारा मजकूर तसाच ठेवून पानाच्या एचटीएमएल कोडमध्ये शब्दाभोवती स्पॅन टॅग घातला, त्याच्या डेटा-विग्रह या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये, म्हणजे वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या नोंदीत, ‘प्रथम उपचार’ लिहिलं, ‘सर्पदंश’साठी तसंच ‘सर्प दंश’, आणि इंडेक्समध्ये अख्खा शब्द व त्याचे घटक एकाच जागी नोंदवले.

संध्याकाळी ‘दंश उपचार’ टाकलं. पान आलं. ‘सर्पदंश’ टाकलं, तेही आलं. ‘साप उपचार’ला अजून शून्यच, कारण ‘सर्पदंश’ कितीही फोडला तरी त्यातून ‘साप’ निघत नाही. तो समानार्थी शब्दांचा प्रश्न. साप–सर्प ही जोडी यादीत घातली, पुन्हा शोधलं आणि पान डोळ्यांनी पाहूनच उठलो.