एक लाखाचा बाँड आणि ट्रेनिंगचं रजिस्टर

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये मी एचआर बघतो, अकरा वर्षं झाली. सप्टेंबर २०२५ मधला तो दिवस अजून डोक्यातनं जात नाही म्हणून लिहायला बसलोय.

सकाळी नऊलाच गेटवरनं फोन आला की राधानगरी तालुक्यातनं कुणाचे तरी वडील आलेत. आत घेतलं तर आमच्या व्हीएमसीवरच्या, म्हणजे धातू कापायच्या कॉम्प्युटरवाल्या मशीनवरच्या एका पोराचे वडील. पोराला चाकणला पाच हजार जास्त मिळत होते, त्यानं राजीनामा दिलेला, आणि मालकांनी सांगितलेलं की दोन वर्षं नोकरी सोडायची नाही असा बाँड आहे, एक लाख भर आणि जा. पोराची आयटीआयची ओरिजिनल सर्टिफिकेटं आमच्या कपाटात. वडिलांनी पिशवीतनं पतसंस्थेचं पासबुक काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "सायेब, आत्ता चाळीस भरतो, ऱ्हायल्यालं यंदाच्या ऊसबिलावर, पर पोराचं कागद तेवढं द्या." पासबुकात एक्केचाळीस हजार आणि काहीतरी शिल्लक होती. म्हणजे होतं नव्हतं ते सगळं घेऊन माणूस एसटीनं आलेला.

मी त्यांना चहा सांगितला आणि मालकांच्या केबिनमध्ये गेलो. मालकांच्या मोबाईलवर फॉरवर्ड तयारच होता, मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सरकारी बँकेच्या केसमध्ये दोन लाखाचा बाँड योग्य ठरवलाय म्हणून. मी म्हटलं, खरं आहे ते, निकाल तसाच आहे. पण तिथं तीन वर्षांच्या नोकरीची अट होती आणि बँकेला एक माणूस भरायचा तर जाहिरात, परीक्षा, मुलाखती हे सगळं परत करावं लागतं, तो खर्च कोर्टानं बघितला. आपण पोराला गेटवर अर्ज घेऊन घेतलंय. आणि करार कायदा १८७२ च्या कलम ७४ प्रमाणं बाँडमध्ये लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा असते, त्याच्या आतली वाजवी भरपाईच मागता येते. मालक म्हणाले, "मग काढ हिशोब, ट्रेनिंगला आपले पैसे गेलेत का नाही?"

मालकांचं दुखणं मला कळतं, हे सांगितलंच पाहिजे. आम्ही छोटी माणसं पोरं घडवायची आणि मोठ्या प्लांटनी चार-पाच हजार वाढवून तयार ऑपरेटर उचलायचा, हे दरवर्षी होतंय, आणि त्यात आमची ऑर्डर अडकते ते खरंच.

तर हिशोबाला बसलो. पोरगं सप्टेंबर २०२३ ला अप्रेंटिस म्हणून लागलेलं. तीस किंवा जास्त माणसं असली की अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, आमच्याकडं कॉन्ट्रॅक्टचे धरून ऐंशी, म्हणजे निदान दोन. स्टायपेंड सात हजार, त्यातले दीड हजार सरकार थेट पोराच्या खात्यात टाकायचं, कंपनीचे साडेपाच. मालक हा सगळा स्टायपेंडच ट्रेनिंगचा खर्च धरत होते.

मग मी ट्रेनिंगचं रजिस्टर काढलं आणि तिथंच अडकलो. सहा महिन्यांच्या सह्या एकाच निळ्या पेननं, एकाच दाबानं, खाली खाली केलेल्या. सेफ्टी ट्रेनिंगचं पानसुद्धा तसंच, जे ट्रेनिंग तेव्हा कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम १११अ प्रमाणं कामगाराचा हक्क होता. त्या सह्या ऑडिटच्या आधी एका दुपारी घेतलेल्या आणि त्या मीच घेतलेल्या. मला खरंच लाज वाटली.

खरं काय झालेलं ते तात्यांना विचारलं. तात्या आमचे जुने ऑपरेटर, उद्यमनगरात मिस्त्रीच्या हाताखाली शिकलेले. ते म्हणाले, "तीन आठवडं माझ्याजवळ हुतं, झिरो घ्यायचा, ऑफसेट टाकायचा, टूल बदलायचं, तेवढं दावलं. तिसऱ्या म्हैन्यापासनं सेकंड शिफ्टला एकटंच चालवतंय की." झिरो घ्यायचा म्हणजे जॉबवर मोजमाप कुठनं सुरू ते मशीनला दाखवायचं, ऑफसेट म्हणजे टूलचं माप मशीनमध्ये टाकायचं.

तात्यांचे अठरा दिवस, त्यातला अर्धा वेळ पोरावर गेला धरून ८,३०० रुपये. एकदा चुकीचा ऑफसेट टाकून टूलचा होल्डर आणि त्यातली कापायची इन्सर्ट गेलेली, ६,४००. बावीस कास्टिंग रिजेक्ट, भंगाराचे वजा करून ७,३००. बेरीज बावीस हजार. बाँड अप्रेंटिसशिपचं वर्ष संपल्यावर सुरू झालेला, त्याच्या चोवीस महिन्यांतले तेरा झालेले, अकरा राहिले, त्या हिशोबानं दहा हजार. आणि दुसऱ्या बाजूला, अप्रेंटिसशिपच्या वर्षातले दहा महिने हे पोरगं पूर्ण ऑपरेटरचं प्रॉडक्शन देत होतं, बाहेरनं ऑपरेटर घेतला असता तर सोळा हजार पगार, आमचे जात होते साडेपाच. दहा महिन्यांचे एक लाख पाच हजार वाचलेत.

कागद मालकांपुढं ठेवला. त्यांनी दोनदा वाचला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ गप्प बसले. मग विचारलं, "हे तात्यांना आपण शिकवायचे वेगळे काय देतो?" म्हटलं काहीच नाही, उलट त्या तीन आठवड्यांत त्यांचं प्रॉडक्शन कमी पडलं म्हणून इन्सेंटिव्ह कापलाय.

त्यावर ते तावातावानं काही बोलले नाहीत. कपाटाची किल्ली दिली.

ठरलं असं की पैसे काही नाही, पोरानं एक महिना नोटीस पूर्ण करायची आणि नव्या अप्रेंटिसला हाताखाली घेऊन शिकवायचं. वडिलांनी सर्टिफिकेटं घेतली, एकेक पान उलटून बघितलं, पासबुक त्यातच घालून पिशवीला गाठ मारली. चहा तसाच गार झालेला, तो तसाच प्यायले.

तात्यांचा कापलेला इन्सेंटिव्ह पुढच्या पगारात परत दिला, आणि आता जो शिकवतो त्याला महिना दीड हजार वेगळे मिळतात, त्यासाठी मला मालकांशी अजून दोनदा भांडावं लागलं. रजिस्टर नवीन केलंय. सह्या रोजच्या रोज, आणि शिकवणाऱ्यानं काय शिकवलं ते त्याच्याच हातानं लिहायचं. पहिल्या पानावर त्या पोराचं अक्षर आहे, "आज झिरो घ्यायला शिकवलं. दोनदा चुकला. उद्या परत."