आईची दोरी खाली आली

आईला दम लागतो हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कधी लागतो, हे कोणी विचारलं नव्हतं. मी नाही, आणि दोन वर्षं पंप लिहून देणाऱ्या आधीच्या डॉक्टरांनीही नाही.

आईला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. त्याचं नाव काढलं की लोक आधी विडी-सिगारेटचं विचारतात. आईनं विडी कधी हातात धरली नाही. काटोलकडच्या घरी तीस वर्षं पऱ्हाट्या-तुराट्यांची चूल फुंकली, तेवढंच.

जानेवारीत तिला नागपूरला धंतोलीत नव्या छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "आजी, पंप माझ्यासमोर घेऊन दाखवा." कॅप्सूलवाला पंप तोंडाला लावून आईनं चक्क फुंकर मारली. चुलीची सवय, दुसरं काय! "ओढून तर राहिली ना मी," वरून हेही. पावडर आत जायला झटक्यात, जोरात श्वास ओढावा लागतो आणि तिच्यात तेवढा जोरच उरला नव्हता. म्हणजे दोन वर्षं औषध बहुतेक हवेत गेलं. आता स्प्रेचा पंप स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंडाच्या मधली पोकळ नळी, लावून घेते, मनात दहा आकडे मोजत श्वास धरते आणि मग चूळ भरते.

फिजिओथेरपीच्या ताईंनी तिला व्हरांड्यात सहा मिनिटं चालवलं. रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्क्यांवरून ८७ वर आला. मग विचारलं, "घरात कोणत्या कामाला थांबावं लागतं?" आई लगेच म्हणाली, "कपडे वाळत घालताना." हात वर गेले की श्वासाला मदत करणारे मान-खांद्याचे स्नायू हातांच्याच कामाला जुंपले जातात, असं त्यांनी समजावलं. दोरी खाली घ्या, स्टुलावर बसा, चहा फुंकतो तसे ओठ करून श्वास हळूहळू सोडा.

वजन ३९ किलो. आहारवाल्या मॅडम सावजीच्या तिखट रश्शावर बंदी घालतील अशी मला भीती होती, पण त्यांचा राग भरल्या ताटावर निघाला. पोट गच्च भरलं की छातीला जागा उरत नाही. म्हणून थोडं थोडं, पाच वेळा: मुगाचं धिरडं, दही, फुटाणे. डॉक्टर, ताई आणि मॅडम या तिघांची एकच फाईल असल्यामुळे पुढच्या वेळी डॉक्टरांनी पहिलं विचारलं ते दोरीचंच. फ्लू आणि न्यूमोनियाची लसही तेव्हाच उरकली.

दोरी बाबांनी छातीइतकी खाली बांधली आहे. आता चादर फरशीला लागते म्हणून आई रोज त्यांच्यावर चिडते, आणि तेही एका दमात.